ब्लॅक मेटलवाला आखाजीला माहेरी गेला: एका सोलो अल्बमची गोष्ट

२२ जुलै २०२५ ला हेवी मेटलचा गायक ऑझी ऑसबर्न गेला आणि दोन आठवडे सगळ्यांच्या फीडवर तोच. ज्यांनी आयुष्यात कधी गिटारचा आवाज पाच मिनिटं ऐकला नाही त्यांनीपण स्टेटस ठेवले. त्यानंतर लगेच कानबाई (आमच्या खान्देशातला श्रावणातला देवीचा सण) आली, तिच्या रोटांना, म्हणजे नैवेद्याच्या जेवणाला, आम्ही सगळे भाऊबंद गावी जमलो, आणि तिथे माझा पुतण्या (धुळ्याला इंजिनिअरिंगला आहे) मोबाईलला स्पीकर जोडून बसलेला. आधी ऑझीची जुनी गाणी लावली, तोपर्यंत घरच्यांनी सहन केलं. मग त्याने नॉर्वेच्या इमॉर्टल नावाच्या बँडचं काहीतरी लावलं आणि रोटांसाठी पीठ मळणारी आमची मोठी माय तिथूनच ओरडली, "हाऊ काय आवाज शे रे भो? याना घसा बसेल शे का?"

सगळे हसले. पण नंतर पुतण्याने मला जो प्रश्न विचारला तो खरंच चांगला होता. म्हणे काका, ह्याच बँडच्या गिटारवाल्याने, डेमोनाझने, २०११ मध्ये स्वतःचा सोलो अल्बम काढला, 'मार्च ऑफ द नॉर्स'. त्याच्याबद्दल सगळे म्हणतात की ब्लॅक मेटलवाल्याने जुन्या हेवी मेटलचा अल्बम काढला. आता दोन्ही मेटलच ना? मग त्यात एवढं काय?

मी तेव्हा काहीतरी थातूरमातूर सांगून वेळ मारून नेली. हा लेख म्हणजे ते नीट सांगायचा प्रयत्न, आणि तुम्हाला यातलं काहीच माहीत नाही असं धरूनच लिहितोय.

आधी मूळ गाव: हेवी मेटल

गोष्ट सुरू होते इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला, कारखान्यांचं गाव. तिथे टोनी आयोमी नावाचा पोरगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. १९६५ ला, वय १७, नोकरीचा शेवटचा दिवस, आणि त्या दिवशी मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा तो हाच हात. बाकी कोणी असता तर गिटार माळ्यावर टाकली असती. याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं बनवली, तारा एकदम हलक्या लावल्या, आणि पुढे तर तारा ढिल्या करून वाजवायला लागला कारण ढिली तार दाबायला सोपी जाते. तार ढिली केली की सूर खाली जातो, आवाज जड आणि काळाकुट्ट होतो.

हाच आयोमी, गायला ऑझी, आणि बँड ब्लॅक सॅबथ. पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७०. आज जगात ज्याला हेवी मेटल म्हणतात त्याची सुरुवात बहुतेक लोक इथूनच धरतात. हे डोक्यात ठेवा की या सगळ्या खानदानाचा पहिला आवाजच एका जायबंदी हातातून आला, कारण पुढे हीच गोष्ट परत येणार आहे.

त्याच शहरातून ज्युडस प्रीस्ट आले, मग १९८० च्या आसपास लंडनमधून आयर्न मेडन, हेच ते जे २००७ ला बंगळूरला येऊन गेले. मोटरहेड, मॅनोवॉर, हे पण त्याच पिढीचे. यांनी जे बनवलं त्याला आता जुनं किंवा पारंपरिक हेवी मेटल म्हणतात. त्याची ओळख काय? एक तर रिफ, म्हणजे गिटारवर परत परत येणारा एक छोटा ठसठशीत तुकडा, ज्याच्यावर अख्खं गाणं उभं राहतं. लग्नात बँडवाला नवरदेव घोड्यावर असेपर्यंत एकच तुकडा घोळवत राहतो ना, तसं. दुसरं, चाल गुणगुणता येते. आणि तिसरं म्हणजे घोड्याची टाप. आयर्न मेडनचं कुठलंही गाणं घ्या, बऱ्याच ठिकाणी एक लांब ठोका आणि दोन छोटे, टगडक टगडक टगडक. सारंगखेड्याच्या यात्रेत तापीच्या काठावर घोडे पळवतात तेव्हा डोळे मिटून उभे राहा, हेवी मेटलचा ठेका फुकटात ऐकायला मिळतो.

मग हे ब्लॅक मेटल कुठून उपटलं

१९८२ ला इंग्लंडच्याच वेनम नावाच्या बँडने एक अल्बम काढला, त्याचं नावच 'ब्लॅक मेटल'. नाव तिथून आलं. वेनमवाले मोटरहेडसारखंच वाजवायचे, फक्त जास्त गलिच्छ आणि सैतानाचं सोंग घेऊन. मग स्वीडनमध्ये क्वॉर्थन नावाच्या पोराने बाथरी सुरू केला, १९८४ चा पहिला अल्बम, आवाज आणखी खरखरीत. आणि हे सगळं ऐकून मोठी झालेली नॉर्वेतली पोरं १९९० च्या सुमाराला ऑस्लो, बर्गन अशा शहरांमधून पुढे आली: मेहेम, डार्कथ्रोन, एम्परर आणि आपला इमॉर्टल.

यांनी काय बदललं ते ऐका. कापूस पिंजणारा पिंजारी आठवतो का, आमच्या लहानपणी दिवाळीच्या आधी गल्लीत यायचा, गाद्या उशा घेऊन. त्याच्या त्या मोठ्या धनुष्याच्या तारेवर तो ठोकत राहायचा आणि तार अशी सलग घणघणायची की सुटा ठोका कळायचाच नाही, नुसता एक गुंजणारा पडदा. ब्लॅक मेटलची गिटार तशी असते. एकच तार हाताने इतक्या भरभर वरखाली छेडायची की सूर तुटायलाच नको, याला ट्रेमोलो म्हणतात. त्याच्याखाली ड्रम असा की जणू ज्वारीचं थ्रेशर चालू आहे, मिनिटाला २०० च्या वर जाणारा ठोका. गायकी म्हणजे घशातून काढलेली चिरकी किंकाळी. आणि रेकॉर्डिंग मुद्दाम कोरडं, फाटकं, जसा यात्रेतल्या कर्ण्यातून लांबून आवाज येतो तसं. पैसे नव्हते हे एक कारण, पण पैसे आल्यावरही बऱ्याच जणांनी तसंच ठेवलं, कारण त्यांना तो गारठा हवा होता.

तोंडाला पांढरं फासून डोळ्यांभोवती काळं, हे पण त्यातलंच. आपल्याकडे पश्चिम पट्ट्यात भोवाड्यात सोंगं निघतात, मुखवटा चढला की आत गावातला कोण आहे हे कोणी विचारत नाही, तो तेव्हा देव असतो नाहीतर राक्षस. इथेही रंग लागला की बर्गनचा कुणी हाराल्ड नेव्हडाल राहत नाही, डेमोनाझ होतो.

"पण चर्च जाळणारे ते हेच ना?"

हा प्रश्न येणारच, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. हो, त्या मंडळात गुन्हे झाले. ६ जून १९९२ ला बर्गनजवळचं फान्टॉफ्टचं जुनं लाकडी चर्च जाळलं गेलं, त्यानंतर आणखी चर्चं जळाली. ऑगस्ट १९९३ मध्ये मेहेमच्या युरोनिमसचा खून झाला, तो करणारा वार्ग विकर्नेस हा पण संगीतवालाच, त्याला खून आणि जाळपोळीसाठी २१ वर्षांची शिक्षा झाली. यात काही रोमँटिक नाही. शेकडो वर्षांचं लाकडी देऊळ जाळणं म्हणजे काय ते आपल्याला वेगळं समजवायला नको.

पण एका वाड्यात एक खुनी निघाला म्हणून सगळा वाडा खुनी होत नाही. डेमोनाझ त्या गुन्ह्यांत नव्हता. त्याच्या लिखाणात मुख्यतः बर्फ, डोंगर, कावळे, लढाया. त्याने तर एक अख्खा काल्पनिक मुलूख बनवला, ब्लॅशिर्क नावाचा, कायम गोठलेला, आणि इमॉर्टलची कितीतरी गाणी त्याच मुलखात घडतात. मे महिन्यात भुसावळ ४५ च्या पुढे गेलेलं असताना हे ऐकायला काय मजा येते ते खान्देशातल्या माणसालाच कळेल, कुलरपेक्षा स्वस्त पडतं.

हात गेला

आता मुद्द्यावर येतो. इमॉर्टलमध्ये दोन मुख्य माणसं. अबाथ गायचा, आणि डेमोनाझ गिटार वाजवायचा, शब्दही त्याचेच. १९९७ पर्यंत चार अल्बम झाले आणि वेग वाढत गेला.

जरा हिशोब करा. ठोका मिनिटाला २००, प्रत्येक ठोक्याला तार चार वेळा छेडायची. म्हणजे मिनिटाला ८००, सेकंदाला १३ च्या वर. चार मिनिटांच्या एका गाण्यात ३२०० वेळा मनगट हलणार. त्यात रोजची प्रॅक्टिस आणि दौरे धरा, वर्षानुवर्षं.

स्नायू हाडाला ज्या दोरीसारख्या पट्टीने बांधलेला असतो तिला कंडरा म्हणतात. तीच हालचाल लाखो वेळा झाली की ही दोरी सुजते, दुखते, आणि मग साधा कप उचलतानाही कळ येते. डॉक्टर याला टेंडिनायटिस म्हणतात. कपाशी वेचणाऱ्या बाया, दिवसभर मशीनवर बसणारे टेलर, यांना विचारा, नाव माहीत नसेल पण दुखणं बरोबर सांगतील. डेमोनाझला हे हातांना झालं आणि ते पण जबरदस्त. १९९७ च्या 'ब्लिझर्ड बीस्ट्स' नंतर त्याची गिटार बंद. वय असेल पंचविशीच्या पुढेमागे.

इथे बहुतेक बँडमध्ये काय होतं, माणूस बदलतात. इमॉर्टलमध्ये अबाथने स्वतः गिटार हातात घेतली आणि डेमोनाझ गेलाच नाही, शब्द लिहीत राहिला, बँडचं बाकीचं बघत राहिला. १९९९ चा पुढचा अल्बम ऐका, वेग कमी, गाणी लांब, आणि मधूनमधून स्पष्ट जुन्या हेवी मेटलचे रिफ. मग २००६ ला अबाथने 'आय' नावाचा वेगळा बँड काढून तर सरळच जुन्या पद्धतीचा अल्बम केला, शब्द परत डेमोनाझचे. म्हणजे २०११ चा सोलो अल्बम आभाळातून पडला नाही, दहा-बारा वर्षं ते पाणी त्याच दिशेने वाहत होतं.

अल्बममध्ये आहे काय

पहिली गोष्ट, इथे गातो डेमोनाझ स्वतः. जो माणूस इतकी वर्षं दुसऱ्याच्या तोंडी शब्द घालत होता तो पहिल्यांदाच अख्खा अल्बम स्वतः गातोय. आवाज खरखरीतच आहे, ब्लॅक मेटलचाच, पण किंकाळी नाही. शब्द कळतात. (इंग्रजी कळत असेल तर, मोठ्या मायला काय कळणार, पण कळणारे शब्द आहेत एवढं तिलाही कळलं.)

दुसरं म्हणजे चाल. इथे थ्रेशर बंद आहे आणि घोडा चालू आहे. बहुतेक गाणी मध्यम लयीत, पाय ठोकत जाणारी, नाव 'मार्च' उगाच नाही. नॉर्स म्हणजे उत्तरेकडच्या त्या जुन्या समुद्री लोकांची जमात, ज्यांना आपण सरसकट व्हायकिंग म्हणतो. तर ही त्यांची कूच, त्या लयीत ८०० च्या हिशोबाची गरजच नाही. रिफला श्वास घ्यायला जागा आहे, मागे मोठे कोरससारखे आवाज येतात, गिटारचे सोलो, म्हणजे एकट्या गिटारने वाजवलेले तुकडे, ऐकून आठवणीत राहतात.

आणि ही लय कुणाची? बाथरीची. वर सांगितला तो क्वॉर्थन, ज्याने ब्लॅक मेटलचा पाया घातला, त्यानेच १९९० च्या 'हॅमरहार्ट' मध्ये वेग सोडला आणि संथ, भव्य, पूर्वजांच्या गोष्टी सांगणारं काहीतरी बनवलं. लोक त्याला व्हायकिंग मेटल म्हणायला लागले. क्वॉर्थन २००४ ला गेला, ३८ व्या वर्षी. डेमोनाझचा अल्बम ऐकताना मला तरी सगळ्यात जास्त तोच ऐकू येतो, त्याच्या खालोखाल मोटरहेडची ती धडधड आणि मॅनोवॉरची छाती पुढे काढून चालण्याची ऐट.

ऐट जरा जास्तच आहे कधीकधी, हे पण सांगतो. तलवार, आग, देव, पर्वत, परत तलवार. सलग ऐकलं तर शेवटच्या दोन गाण्यांपर्यंत माझं लक्ष पांगतं. ज्याला ब्लॅक मेटलची ती गूढ भीती हवी आहे त्याला इथे ती सापडणार नाही.

सोलो म्हणे, मग वाजवलं कोणी?

ही शंका पुतण्याचीच. सोलो म्हणजे एकट्याने सगळं केलं असं नसतं, सोलो म्हणजे नाव आणि डोकं एकाचं. गिटार आणि बास वाजवलाय आइस डेल नावाने ओळखल्या जाणाऱ्या आर्वे इसडालने, तो एन्स्लेव्हड या बर्गनकडच्याच बँडचा. ड्रम आर्मागेड्डाचे, जो इमॉर्टलच्या १९९२ च्या पहिल्या अल्बमवर होता. हे दोघं 'आय' मध्येही होते. भाऊबंदच समजा, कोणाच्या घरचे रोट असले तरी पीठ मळायला तीच माणसं.

आणि हो, गिटारवाल्याच्या सोलो अल्बमवर गिटार दुसऱ्याची, हे विचित्र आहे ना? मलाही पहिल्यांदा वाचून वाटलं की हे काय. पण हातच चालत नव्हते तर काय करणार, त्याच्या डोक्यातले रिफ आइस डेलच्या बोटांतून आले.

"म्हणजे जमेना म्हणून सोपं केलं, पलटी मारली"

हा सगळ्यात मोठा आक्षेप, आणि ब्लॅक मेटलवाल्यांच्यात तर हा फार चालतो, कारण तिथे शुद्धतेचं वेड आहे. अमक्याने सोवळं मोडलं, तमका विकला गेला.

सोपं केलं का? वेगाच्या हिशोबाने हो. पण संथ वाजवणं सोपं असतं हा समज काढून टाका. कोणत्याही भजनी मंडळातल्या मृदंगवाल्याला विचारा, द्रुत लयीत चूक लपते, विलंबितात उघडी पडते. ज्या गाण्यात सेकंदाला १३ सूर आहेत तिथे एखादा इकडेतिकडे झाला तर कोणाच्या बापाला कळणार नाही. जिथे रिफ मोकळा उभा आहे तिथे तो रिफ मुळात चांगलाच असावा लागतो.

आणि पलटीचं म्हणाल तर, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, घ्या ना. आपल्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात. वर्षभर सासरी डोक्यावरचा पदर न ढळू देणारी बाई आखाजीला निंबाच्या झाडाला बांधलेल्या झोक्यावर उभी राहून गावभर ऐकू जाईल अशी गाणी म्हणते. तिने सासर सोडलं का? नाही. ती जिथे गायला शिकली तिथे चार दिवस परत आली. ब्लॅक मेटल हे या लोकांचं सासर म्हणा, कडक, नियमांचं. पण गिटार हातात घेतली ती ब्लॅक सॅबथ, मोटरहेड, मेडन ऐकूनच. त्या पिढीतल्या कितीतरी जणांनी ही फेरी मारलीये. एम्पररच्या इसानचा २००६ चा पहिला सोलो अल्बम ऐका, त्यात जुन्या हेवी मेटलच्या खुणा जागोजागी आहेत. डार्कथ्रोन, ज्यांच्याइतकं कडवं कोणी नव्हतं, ते २०१३ पर्यंत उघडउघड जुन्या हेवी मेटलचे अल्बम करत होते आणि मजेत करत होते.

डेमोनाझच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी, की बाकीचे हौसेने माहेरी आले आणि याला हातांनी आणलं. पण आयोमीच्या बोटांनी जे केलं तेच इथे याच्या मनगटांनी केलं असं मला वाटतं, म्हणजे जे करता येत नाही त्याच्यामुळे जे उरलं त्याला आकार आला. वेग गेल्यावर चाल राहिली.

आणि तो परत गेला

ज्यांना अजूनही पलटी वाटते त्यांच्यासाठी. पुढे हातांचं ऑपरेशन झालं, हळूहळू गिटार परत सुरू झाली. २०१५ ला अबाथ इमॉर्टलमधून बाहेर पडला. २०१८ ला इमॉर्टलचा 'नॉर्दर्न केऑस गॉड्स' आला आणि त्यात गिटारही डेमोनाझची, आवाजही डेमोनाझचा. १९९७ नंतर २१ वर्षांनी. आणि वेग? पहिल्याच गाण्यात थ्रेशर पूर्ण चालू. त्यात गाताना जो ठसका आहे तो २०११ मध्ये कमावलेला आहे हे दोन्ही लागोपाठ ऐकलं की लगेच कळतं.

ऐकायची इच्छा झालीच तर क्रम असा ठेवा: आधी ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम, मग बाथरीचा 'हॅमरहार्ट', मग 'मार्च ऑफ द नॉर्स', आणि मगच इमॉर्टलचे जुने. उलटं केलं तर आमच्या घरात झालं तसं होईल.

दुसऱ्या दिवशी कानबाई विसर्जनाला निघायच्या आधी मी मुद्दाम पुतण्याला म्हटलं की तोच सोलो अल्बम लाव, फक्त बारीक आवाजात. मोठी माय ओट्यावर बसलेली होती. एक अख्खं गाणं ऐकलं तिने, मध्ये काही बोलली नाही. मग म्हणाली, "याना बी घसा बसेलच शे. पन हाऊ दम खाईसन म्हनस."